मेपलला घातलेली गोळी

मी, एल्मिर बोल्डुक, वय एकोणऐंशी, राहणार बोस, क्वेबेक, डोके ठिकाणावर असताना हे लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, पण मृत्युपत्र कोणी गुडघ्यांनी लिहीत नाही. माझ्यावर दबाव कोणाचाही नाही; असता तर मी हट्टाने उलटेच लिहिले असते.

कलम एक. घर, मेपलचा रस आटवायची भट्टी, पाकाची मोठी कढई आणि बादल्या भाची मारियेल हिला. लोकरीची तांबडी टोपी मावसबहीण लूसियेनला. तीस वर्षे ती माझी टोपी स्वतःची म्हणून सांगत आली, आता खरेच तिची.

कलम दोन. परसातली उरलेली चार मेपलची झाडे मारियेललाच. रस जास्त हवा असला तरी खोडाला पाडायचे भोक दीड इंचाहून खोल नको आणि जुन्या भोकापासून वीतभर तरी दूर हवे. रस ठिबकायला भोकात बसवतो ती तोटी दरवर्षी उकळून घ्यावी. बारीक खोडाच्या वाटेला जाऊ नये. तोटीशिवाय भोकात दुसरे काहीही घालू नये.

कलम तीन. हे लिहायला मला पंधरा वर्षे लागली.

झाडे सात होती. भोके माझा धाकटा भाऊ लेओपोल्ड पाडायचा, बादल्या मी टांगायची. तेव्हा बाजारात एक पांढरी गोळी मिळे. ती भोकात सरकवली की भोक सुकत नसे. शेजाऱ्यांची झाडे आटली तरी आमची ठिबकत राहत. लेओपोल्ड म्हणायचा, "ताई, विष आहे ते. झाडाची जखम भरू दे की." मी हो म्हणायची आणि त्याची पाठ वळली की गोळी घालायची. गावात माझ्या हाताचे कौतुक व्हायचे, आणि मला ते फार आवडायचे.

सातातली तीन वाळली. एक पडले, ते आतून काळे, भुसभुशीत निघाले. हंगामाच्या जेवणाला सगळा गोतावळा बसला होता, तिथे कोणीतरी कारण विचारले. मी म्हणाले, "यानं गिरमिट खोल घातलं. हाताला गुणच नाही याच्या."

"दीड इंचाच्या पुढे मी कधी गेलो नाही, ताई," एवढेच तो बोलला. गिरमिट टेबलावर ठेवून निघून गेला.

चोर तो चोर, वर शिरजोर. त्या दिवसापासून त्याने एकाही झाडाला हात लावलेला नाही. राहतो रस्त्यापलीकडेच, पण माझ्याशी बोलत नाही. गाव त्याला अजून झाडमाऱ्या म्हणते. झाडे मी मारली. मला माझ्या या करणीची लाज वाटते.

कलम चार. त्या चार झाडांवर खरा हक्क लेओपोल्डचा, आणि आधी मी तसेच लिहिले होते. पण नोटरी म्हणाले, ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये. मला साक्षीदार तोच हवा आहे, म्हणून त्याला मी काहीही ठेवत नाही. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. त्याने हे मी जिवंत असताना वाचावे अशी माझी इच्छा आहे. साक्षीची सही माझ्यासमोर बसूनच करावी लागते, आणि पुरता वाचल्याशिवाय तो कुठल्याच कागदावर सही करत नाही.

बोस, क्वेबेक. ११ मार्च २००६.

लिहून देणार: एल्मिर बोल्डुक

साक्षीदार पहिला: ओरिजेन लाप्लांत, टपालवाला

साक्षीदार दुसरा: ताई, वाचलं. मला खोटं पाडलंस ते सगळ्यांसमोर. आता हेही रविवारच्या जेवणाला सगळ्यांसमोर वाच. मग सही करतो. — लेओपोल्ड