केब्रानचं खरं काय झालं

पांढुर्णा,
हरतालिका

प्रिय उर्वशी,

अनेक आशीर्वाद. तुझं पार्सल येऊन चार महिने झाले आणि मी त्याची पोच आज देतो आहे. एवढ्या उशिराबद्दल आबाजीला माफ कर. ‘सात दारांचा गड’चा सातवा भाग मिळाला, त्यावर चिकटवलेली तुझी चिठ्ठीही मिळाली. मी येऊन वाचून दाखवीन, तोवर उघडू नका, असं तू लिहिलं होतंस. उघडलं नाही. उघडून तरी काय केलं असतं? संत्र्याच्या पेट्यांवर स्टेशनांची नावं रंगवता रंगवता जेवढी इंग्रजी अक्षरं आली तेवढीच माझी इंग्रजी. पुस्तक माझ्या उशाशी आहे. तुझी आई सुधा रोज त्याच्यावरची धूळ पुसते.

पत्र रोज लिहायचं ठरवत होतो. पण अडचण अशी की खोलीत सतत कोणीतरी असतं. तुझी आई नसली तर तुझा बाप, दिलीप, दुकानातून मध्येच येऊन बसतो. औषध-बियाण्याचं दुकान ऐन हंगामात सोडून माणूस बापाजवळ बसतो का? आज हरतालिका म्हणून सुधा गल्लीतल्या बायांसोबत देवळात गेली आहे. जाताना बाहेरून कडी लावून गेली. मी पडेन, रस्त्यावर गाड्या फार झाल्या, पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून तर विचारूच नको, असं तिचं म्हणणं. काळजीनंच लावली आहे, मला समजतं. चपलाही माझ्या कपाटावर ठेवल्या आहेत. परवा गोटमार झाली, नदीच्या दोन काठांवरून दरवर्षी होते ती दगडांची लढाई, ती मी या खिडकीतून ऐकली. जन्मात पहिल्यांदा मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या काठावर नव्हतो. गच्चीवर जाऊ द्या म्हटलं, तर दिलीपनं जिन्यात खुर्ची टाकली आणि स्वतःच तिच्यावर बसून राहिला.

तर तुला सांगायचं होतं ते ग्रुपचं. सहा भाग मला आपल्या बोलीत वाचून दाखवून झाले आणि इंदूरला नोकरीवर जाताना तू मला फोनमध्ये ‘सात दारांचा गड’ वाचणाऱ्यांच्या ग्रुपात घालून गेलीस. म्हणालीस, आबाजी, तुमचा वेळ जाईल. वेळ चांगलाच गेला. तिथं कोणी मोठं काही विचारत नाही. लिसोराच्या होडीत मडकी किती होती, राजाचा आंधळा घोडा कोणत्या भागात मेला, दुसऱ्या दाराची किल्ली कोणत्या हातानं फिरते, असले बारके प्रश्न. ज्याला माहीत असेल त्यानं सांगायचं. मी फोनमध्ये बोलायचो आणि ते पाठवायचो. चाळीस वर्षं संत्री भरली, कोणत्या बगीच्याचा माल कोणत्या पेटीत गेला हे आठ दिवसांनीसुद्धा सांगायचो, तेव्हा होडीतली मडकी काय लक्षात राहणार नाहीत? सातवी पास माणसाला पुण्याचे इंजिनीयर विचारायचे. कोणाचं कुठं अडलं की लिहायचे, आजोबांना विचारा. खोटं का बोलू, छाती फुगायची.

मग एकदा कोणीतरी विचारलं की तिसऱ्या भागात नदीच्या दोन काठांवरची गावं लढतात, ती कोणत्या दिवशी? मी लगेच सांगितलं, बैलांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा, दोन्हीकडून दगड, आणि झेंडा हाती आला की सगळे मिळून देवीच्या देवळात. नागपूरचा एक मुलगा म्हणाला, आजोबा, ही तर तुमची पांढुर्ण्याची गोटमार आहे, पुस्तकात साधी लढाई आहे. मी त्याला झापलं. नदी आली की दोन काठ आले, दोन काठ आले की भांडण आलं, ते काय फक्त आमच्याच गावात होतं का? पुन्हा नीट वाच म्हटलं. मला वाटलं, आजकालची पोरं घाईनं वाचतात.

जेठ महिन्यात अमरावतीच्या वैशाली नावाच्या बाईनं विचारलं, पहिल्या दाराचा राखणदार केब्रान मेला तेव्हा त्याची किल्ली कोणाकडे गेली? मी सांगितलं, बाई, केब्रान मेलाच नाही. चौथ्या भागात बाण लागला, बर्फात पडून राहिला, पण उठला. किल्ली त्याच्या करदोट्यालाच आहे, सहाव्या भागात लिसोरासाठी दार तोच उघडतो. आधी सगळ्यांना वाटलं म्हातारा गंमत करतो आहे. हसायची चित्रं आली, एकावर एक. मी चिडलो, पुन्हा सांगितलं. मग एकानं पुस्तकाच्या पानाचा फोटो टाकला.

ते पान मी आपल्या दादाराव मास्तरांना दाखवलं. ते रोज दुपारी येतात, त्यांना अजून तरी कोणी अडवत नाही. त्यांनी चष्मा लावला, पान वाचलं आणि म्हणाले, “मेला, नत्थूजी. साफ लिहून आहे.” मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी शब्दाशब्दाचा अर्थ लावून वाचलं. जखम चिघळते. सगळे त्याला सांगत राहतात, वसंत आला की तू पुन्हा दारावर उभा राहशील. आणि बर्फ वितळायच्या आधी तो जातो. तीन ओळींत जातो. पुढच्या पानावर दाराला नवा माणूस.

उर्वशी, मी दोन दिवस हिशेबच लावत बसलो. मग पाचव्या भागात लिसोराच्या पोराला शीळ घालायला कोणी शिकवलं? सहाव्यात उन्हाला बसून स्वयंपाक्याशी मिठावरून कोण भांडतो? त्याला भरीत-भाकर लागते म्हणून साऱ्या सैन्यात वांगी शोधणारा तो कोण? पुस्तक उघडं ठेवून, वेळेवर पानं उलटून, तू हे सगळं मनानं सांगत होतीस? दोन भाग? पाचशे-पाचशे पानं?

मग आठवलं. चौथा भाग चालू असताना तुझी आजी, कलाबाई, गेली होती. मार्गशीर्ष होता. मी भिंतीकडे तोंड करून पडायचो, अन्न खाली जात नव्हतं, आणि तू पायाशी बसून वाचायचीस. कलाबाईची गादी तेव्हा अजून तशीच होती. केब्रान बर्फात पडला आणि तू थांबलीस. म्हणालीस, पाणी पिऊन येते. फार वेळ लावलास. परत आलीस तेव्हा तोंड धुतलेलं होतं, आणि वाचायला लागलीस की केब्राननं डोळे उघडले. त्या दिवशी मी उठून वरण-भात खाल्ला होता. तुला आठवतं की नाही माहीत नाही, मला आठवतं.

तुझ्यावर राग नाही. देवाशप्पथ नाही. उलट ग्रुपातली माणसंही भली निघाली. वैशालीबाई म्हणाली, आजोबा, तुमचाच केब्रान आम्हाला बरा वाटतो, सांगा ना तो पाचव्या भागात काय काय करतो. आता सगळे मला माझ्याच केब्रानचं विचारतात. पण मला उत्तर देववत नाही. बेचाळीस प्रश्न पडून आहेत. पुस्तक कुठं संपलं आणि माझी नात कुठं सुरू झाली, हेच मला कळेनासं झालं आहे. एक सांगितलं की दुसऱ्याची शंका येते.

आणि ही शंका पुस्तकापुरती राहिली नाही, तेच सांगायचं आहे. माझे कानच बदलले. चैत्रात नागपूरला तपासायला नेलं होतं ना, तेव्हा कागद गाडीत दिलीपनं वाचून दाखवले. म्हणाला, बाबा, कमजोरी आहे, आराम करा, बाकी काही नाही. मी खूश झालो, सावनेरला उतरून चहा प्यालो. तेव्हा वाचून दाखवलेलं ते खरंच, असं मी मानत होतो. पण आता बघ. दिलीप माझ्याशी भांडत नाही. पंख्यावरून, मोटारपंपावरून, मी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारतो त्यावरून, माझा पोरगा मिसरूड फुटल्यापासून माझ्याशी भांडत आला. आता मी मुद्दाम उलटं बोललो तरी हो म्हणतो. परवा तर मी त्याच्या दुकानाला नावं ठेवली. तो म्हणाला, बरोबर आहे तुमचं. उर्वशी, मला घाम फुटला.

तुझी आई सकाळी विचारते, काय करू खायला? पस्तीस वर्षांत तिनं कधी विचारलं नव्हतं, जे रांधलं ते वाढलं, आणि तेच मला आवडायचं. आणि तू. तू फोनवर म्हणालीस, आबाजी, गणपती झाले की सुट्टी घेऊन येते, दसऱ्यापर्यंत राहते, सातवा भाग पूर्ण करू. बाई, पुस्तक वाचायला महिनाभर सुट्टी कोण देतं? मी पेट्या भरल्या आहेत. वरच्या थराला आम्ही फळ निवडून, पुसून लावायचो. नवखा व्यापारी ते बघून खूश व्हायचा. जुना असायचा तो जास्त चमक दिसली की थेट पेटीच्या तळाशी हात घालायचा.

मीही घातला. नागपूरच्या त्या इंग्रजी कागदांची फाईल सुधानं फ्रिजवर टोपलीखाली ठेवली होती. मागच्या आठवड्यात ती अंघोळीला गेली तेव्हा काढली आणि दादाराव आले तशी त्यांच्या हातात दिली. त्यांनी पहिला कागद पूर्ण वाचला. दुसरा वाचला. मग पुन्हा पहिला घेतला. मी त्यांचं तोंड बघत होतो. त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला आणि म्हणाले, “अक्षर फार बारीक आहे, नत्थूजी. माझ्याच्यानं नाही होऊन राहिलं.” साऱ्या गल्लीच्या औषधांच्या बाटल्यांवरचं बारीक छापलेलं हाच माणूस वाचून देतो. त्यांनाही त्रासच होता. मी फक्त म्हटलं, एवढी एक झेरॉक्स काढून आणा. त्यांनी आणली, चार घड्या घालून, आणि त्या दिवशी चहा न घेताच गेले. मूळ कागद मी जिथले तिथं ठेवले.

त्या झेरॉक्सचे दोन कागद या पत्रात आहेत. खरं तर हे पत्र लिहिलं ते या कागदांसाठीच. आजपर्यंत मला पुस्तकं वाचून दाखवली ती तूच, आपल्या बोलीत, म्हणून हेही तुलाच मागतो. जसं लिहिलं आहे तसं लिहून पाठव. या वेळी पाणी प्यायला जाऊ नकोस. भीती वाटते, नाही कशाला म्हणू? पण कडीच्या आतली ही भीती जास्त वाईट आहे. बऱ्या माणसाला घरात कोंडत नाहीत, आणि मी आजारी आहे असं कोणी म्हणत नाही. मग मी दार उघडा म्हणू तरी कशाच्या जोरावर? मला माहीत असेल तर मी सांगू शकेन की बाबांनो, मला नदीवर जाऊ द्या, मला भांडू द्या, जे काय दिवस असतील ते माझे मला द्या. तुला आधीच माहीत असेल, तुलाही त्यांनी गप्प राहायला सांगितलं असेल, तरी तुझ्यावर राग नाही. पण फोन करू नकोस, फोन तुझी आई सगळ्यांना ऐकू येईल असा लावते. पत्र लिही, मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि दादाराव मास्तरांच्या घरच्या पत्त्यावर टाक. न वाचता माझ्या हातात देईन असं त्यांनी कबूल केलं आहे. तू सुट्टी घेऊन येशील तोवर मी थांबू शकत नाही, आणि तुझ्या तोंडाकडे बघत मला हे ऐकायचंही नाही. गणपती उठायच्या आत पत्र मिळेल असं बघ, बाई. लवकर कळव.

तुझाच,
आबाजी