झऱ्याच्या वरची जागा

४ मार्च

चि. बापूस,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

मी आणि मिस्त्री सुखरूप पोचलो. डोंगराआड फोन लागत नाही, तेव्हा तू बजावलंस तसं पत्रांवरच भागवायचं आहे. टपालाची गाडी फक्त सोमवारी येते.

शाळेच्या मागची सामानाची खोली मला दिली आहे. एका भिंतीला मोडके बाक, दुसरीला माझी खाट, मध्ये तपासणीच्या बाटल्यांचं खोकं. मिस्त्री शेजारच्या वर्गात झोपतात. त्यांच्या घोरण्याने फळ्यावरचा खडू खाली पडतो अशी शाळेतल्या बाईंची तक्रार आहे. या बाई मोडकंतोडकं इंग्रजी बोलतात आणि माझंही तसलंच, त्यामुळे आमचं छान जमतं.

तू तुझ्या सेवामंडळातल्या सोबत्यांना घेऊन बांधलेस ते चौदा संडास पाहिले. खोटं कशाला सांगू, ऊर भरून आला. दोन वर्षं झाली तरी दारं जागच्या जागी, कड्या नीट लागतात, फरशा घासलेल्या. पहिल्याच्या भिंतीवर आईच्या नावाची पाटी आहे. ती कोण हे इथे कुणाला ठाऊक नाही, पण पाटी पुसलेली असते.

आता कामाचं. शाळेपर्यंत नळ न्यायचा तर आधी झऱ्याचं पाणी तपासायचं, ही माझी नगरपालिकेतली एकतीस वर्षांची खोड. तिथे प्रयोगशाळेत बाटल्यांना ऊब द्यायला पेटी होती. इथे वीज जेमतेम दोन तास. मग झऱ्याखालच्या टाकीतून भरलेल्या सहा बाटल्या फडक्यात बांधून कमरेला गुंडाळल्या, वर स्वेटर चढवला आणि तशीच हिंडले. शाळेतल्या मुलींनी माझं नाव अंडी उबवणारी कोंबडी ठेवलंय. तू हसू नकोस. सहाच्या सहा बाटल्या काळ्या पडल्या. पाण्यात मैला असला की त्या काळ्या पडतात, हे तुला मी पूर्वी दहादा सांगितलंय.

दुसऱ्या सहा बाटल्या थेट झऱ्याच्या तोंडाशी भरल्या. त्याही काळ्या. म्हणजे घाण वाटेत कुठे मिसळत नाही, झराच ती घेऊन बाहेर येतो. आणि झऱ्याच्या वर, पन्नास पावलांवर, तुझे संडास आहेत. पावलं मी तीनदा मोजली. ती जागा कुणी ठरवली, कुणी दाखवली, हे उलटटपाली कळव. तू जन्मभर पोरांना भूमिती शिकवलीस. उतार कुठून कुठे जातो ते मी तुला सांगावं असं नाही.

गुडघ्याला तेल लावत जा. उत्तर लवकर दे आणि लोभ आहे तसा राहू दे.

तुझी ताई


१५ मार्च

ती. ताईस,
बापूचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून चहा तसाच राहिला. जागा मीच ठरवली. तिथली माती मऊ, जमीन सपाट. आठ दिवसांत चौदा खड्डे झाले. खालच्या अंगाला नुसता खडक आहे. आम्ही अकरा जण, सगळे साठीच्या पुढचे, आणि हातात तीन आठवडे. पहारी वाकवत बसलो असतो तर दोन खड्डेही झाले नसते.

त्याआधी तिथल्या बायका कुठे जायच्या, ते तू पाहिलेलं नाहीस. मी पाहिलंय. आज त्या दार लावून आत बसतात, हे काही थोडं नाही.

रागावू नकोस, पण तू लग्नकार्यातसुद्धा पाण्याचा पेला आधी उजेडात धरून बघतेस. बाटल्या प्रवासात खराब झाल्या असतील, कमरेची ऊब कमीजास्त झाली असेल. आणि अगदी खरं असलं तरी टाकीत जंतुनाशक पावडर टाकायची, नळ जोडायचा, प्रश्न मिटला. २५ एप्रिलला मंडळाची वार्षिक सभा आहे. नळाखाली हात धुणाऱ्या मुलांचा फोटो अहवालात जायचा आहे, तो वेळेत पाठव.

एक विनंती. वस्तीत याची वाच्यता करू नकोस. लोक संडास वापरायचे थांबतील आणि आमचं दोन वर्षांचं काम पाण्यात जाईल. आईचं नाव आहे तिथे, एवढं तरी ध्यानात ठेव.

तुझी भावजय तुला जपून राहायला सांगते. माझं बोलणं लागलं असेल तर पोटात घाल आणि माया कमी करू नकोस.

तुझा
बापू


२७ मार्च

चि. बापूस,
ताईचे अ. उ. आ. वि. वि.

काम पाण्यात जाईल असं तू लिहिलंस. बापू, ते गेलेलंच आहे, आणि लोक ते पीत आहेत.

तुला बाटल्यांची शंका आली म्हणून दुसरी परीक्षा केली. गळती शोधायला पाण्यात सोडतात तो हिरवा रंग माझ्या पेटीत होता. पोटात गेला तरी अपाय नसतो. सकाळी आठ वाजता सगळ्या वस्तीला बोलावलं आणि पहिल्या संडासात तो रंग ओतून वर बादल्यामागून बादल्या पाणी ओतलं. तिसऱ्या दिवशी दुपारी पाणीवाली धावत आली. ही इथली साठीतली बाई, झरा साफ ठेवणं हे तिचं काम. नाव मला नीट उच्चारता येत नाही म्हणून पाणीवाली. तिने मला हाताला धरून नेलं. झरा हिरवागार वाहत होता.

वाच्यता करू नकोस म्हणालास. केली. सगळ्यांसमोर उभी राहून, बाईंच्या तोंडून, सांगितलं की संडास बांधायची कल्पना बरोबर होती, जागा चुकली, आणि चूक आमची आहे.

तेव्हा पाणीवाली पुढे आली. ती म्हणाली की वरची जमीन खणू नका, झरा तिथूनच पाणी घेतो, हे तिने दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. तुझ्या पुढ्यात उभं राहून, हातवारे करून सांगितलं होतं. तू हसून मान डोलावलीस, तिच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढलास आणि दुसऱ्या दिवशी खणायला लागलास. हे सांगताना ती रागावलेली नव्हती. तेच मला जास्त लागलं.

दवाखान्यातल्या नर्सने तिची वही दाखवली. पूर्वी जुलाबाचं मूल महिन्याला एखाददुसरं यायचं. आता आठ-नऊ येतात. गेल्या पावसाळ्यात दोन तान्ह्या बाळांना शहरातल्या इस्पितळात न्यावं लागलं. एकच परत आलं. ते पाण्यानेच झालं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, असं नर्स म्हणाली. मीही सांगणार नाही. पण पाण्याने झालं नाही असं तू सांगशील का?

पावडर टाकतोय, पाणी उकळायला लावतोय. पण पोतं संपल्यावर दुसरं कोण आणून देणार आहे, मंडळाचा अहवाल? चौदाही दारांना मी कुलूप घातलंय. खालच्या अंगाला, झऱ्यापासून लांब, आडोसा करून तात्पुरता उथळ चर खणलाय. आईच्या नावाला कुलूप घातलं असं तुझ्या मनात येईल. तिच्या नावाखालून पोरांच्या पोटात विष गेलेलं तिला चाललं असतं, असं मला एकदा लिहून पाठव, म्हणजे कुलपं काढते.

फोटो नाही. नळही जोडणार नाही. राग राग कर, पण मला तोडू नकोस.

तुझी ताई


७ एप्रिल

आदरणीय भगिनी,
स. न. वि. वि.

कार्यकारिणीच्या तातडीच्या बैठकीत आपल्या पत्रावर चर्चा झाली. मंडळाची परवानगी न घेता आपण संडास बंद केले व वस्तीसमोर मंडळाची चूक जाहीर केली, याबद्दल सर्वांनी नाराजी व्यक्त केली. आपण व मिस्त्री यांनी काम थांबवून ताबडतोब परत यावे असे ठरले आहे. पुढील सामान पाठवले जाणार नाही. कुलपे काढून किल्ल्या शाळेत द्याव्यात.

आजवरचा स्नेह राहील अशी आशा आहे.

आपला,
अध्यक्ष


९ एप्रिल

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

मी काही पत्र लिहिणारी बाई नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. पण परवा यांनी तुम्हाला आपण-आपण करून लिहिलेलं पत्र मीच पेटीत टाकलं, आणि तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही.

हे त्या वर्षी तिकडे होते तेव्हा रोज डायरी लिहायचे. मी कपाट आवरायच्या निमित्ताने ती काढली. पाचव्या दिवशी लिहिलंय, जसंच्या तसं उतरवते: ‘बायका वरच्या जागेला नको म्हणतात. कारण कळत नाही. दुभाषा उद्या येणार, पण थांबायला वेळ नाही. जमिनीचा जुना तंटा असावा.’

म्हणजे त्यांना ठाऊक होतं, वन्सं. निदान कुणीतरी नको म्हणतंय एवढं ठाऊक होतं. मी डायरी त्याच पानावर उघडून त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी पाहिली आणि माझ्याकडे न बघता चष्मा पुसत बसले. मी एवढंच म्हणाले, की हे पान सभेत तुम्ही वाचा. नाही तर मी वाचेन, मीही सभासद आहे. पस्तीस वर्षांत मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. ते बाहेर फेऱ्या मारायला गेले आणि जेवणाची वेळ टळून गेल्यावर आले.

तुम्ही परत येऊ नका. पावडर जुळवून टपालाने पाठवतेय, मंडळाला विचारलेलं नाही. माझ्यावरची माया वाढवा, कमी तर करूच नका.

तुमची
भावजय


१९ एप्रिल

मा. अध्यक्ष यांस,
स. न. वि. वि.

ठराव पोचला. मी येत नाही. मिस्त्रींना विचारलं, ते म्हणाले की खडकाला सुरुवात केली आहे, अर्धवट सोडून गेलो तर थापी धरायची लाज वाटेल. किल्ल्या शाळेत देणार नाही. त्या पाणीवालीच्या कमरेला आहेत, आणि तिच्याकडून मागून घ्यायची कार्यकारिणीत कुणाची छाती असेल तर त्याने यावं.

इथपर्यंत अध्यक्षांना. आता बापू, तुला.

नवी जागा पाणीवालीने दाखवली, वस्तीच्या खाली. तू म्हणालास तसाच खडक आहे. आम्ही जुन्या बोअरच्या लोखंडी दांड्यांच्या पहारी करून घेतल्या. बायकांनी पाळ्या लावल्यात, पुरुष दगड वाहतात. पहिल्या खड्ड्याला अकरा दिवस लागले. माझ्या तळहातांना फोड आले तेव्हा शाळेतल्या मुलींनी पहार काढून घेतली आणि मला बाटल्यांकडे पिटाळलं. दुसरा आणि तिसरा खड्डा एकदमच सुरू आहे. तुमच्या सामानावाचून काही अडलेलं नाही.

डायरीचं मला कळलंय. मी त्यावर काही लिहिणार नाही. मला आपण-आपण करून पुन्हा पत्र पाठवलंस तर न उघडता परत येईल.

तुझी ताई, अजूनही


२७ एप्रिल

ती. ताईस,
बापूचा सा. न. वि. वि.

सभा झाली. अहवाल वाचायला उठलो. हातात डायरीही होती. तुझी भावजय पहिल्या रांगेत पदर खोचून बसली होती. अहवाल बाजूला ठेवला आणि ते पान वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

मग बराच गोंधळ झाला. चिटणीस म्हणाले की अशा गोष्टी चारचौघांत बोलायच्या नसतात. कुणी म्हणालं, आपण भल्यासाठीच गेलो होतो. मी म्हणालो की भल्यासाठी गेलो म्हणून एक दिवस थांबायची सूट मिळत नाही. दुभाषा दुसऱ्या दिवशी येणार होता, ताई. फक्त एक दिवस. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

अध्यक्षपद सोडलं. ठराव मात्र तसाच राहिला. मंडळ सामान पाठवणार नाही. अकरातले चौघे माझ्याबरोबर उठून बाहेर आले. आमच्या वयाला जमेल ते काम करू. मी एकटा आधी येतोय, वीस मेच्या सुमारास पोचेन. मजूर म्हणून येतोय. मला घ्यायला येऊ नकोस.

ती बाई मला तिथे उभं राहू देईल का, एवढं तिला विचारून ठेव. तू मला ‘अजूनही’ लिहिलंस ते पत्र आज खिशात आहे. एवढाच लोभ असू दे, जास्त मागत नाही.

तुझा
बापू


९ मे

चि. बापूस,
ताईचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र बाईंनी पाणीवालीला वाचून दाखवलं. ती तेव्हा टोपली भरत होती. पुरी भरली, डोक्यावर घेतली, टाकून परत आली, मग बोलली. तिचं म्हणणं असं: उभं राहायला कुणाची ना नाही, काम करायला येतोय तर यावं. आधी वरचे चौदा खड्डे उपसून, चुना टाकून, तुझ्या हाताने बुजवायचे. भिंती उतरवायच्या, विटा फुटू न देता खाली आणायच्या. खाली कुठे खणायचं ते ती सांगेल. फोटो काढायचा नाही.

आईच्या पाटीचं मी तिला विचारलं. ती म्हणाली, आधी झऱ्याचं पाणी सहा महिने स्वच्छ निघू दे, नव्या भिंतीवर पाटी लावायचं मग बघू. मला ते पटलं. आत्ताच्या बाटल्या अजून काळ्याच पडताहेत. जमीन धुऊन निघायला एक पावसाळा तरी लागेल, कदाचित दोन. मी तोवर राहणार आहे.

चार खड्डे झाले, पाचवा अर्धा. तुझ्यासाठी सोपं काही शिल्लक ठेवलेलं नाही. जाड तळव्यांचे बूट आण, आणि भावजयीला म्हणावं, पावडर पोचली.

तू तिची माफी कशी मागावीस याबद्दल बाईंनी आपणहून एक वाक्य त्यांच्या भाषेत लिहून दिलंय, तुला पाठवायला. मी पाठवत नाही. मी तुझी बाजूही इथे मांडलेली नाही. इथे ये, पाणीवालीसमोर बस, आणि ‘माझं चुकलं’ला त्यांच्यात काय म्हणतात ते तिलाच विचार. सांगायला ती वेळ लावेल. थांब.

वाट पाहते.

तुझी ताई