गॅरेथच्या हरणाचे केस बसेनात

शनि. ४ फेब्रु. २००६
हरणाच्या मुंडक्याचं कातडं साच्यावर चढलं एकदाचं. घरीच कमावलेलं, तुरटी-मिठाच्या बादलीत. डोळे, कान, शिंगं सगळं जागच्या जागी. पण मानेच्या डाव्या बाजूला तळहाताएवढ्या जागेत केस उभे. बाकी हरीण शहाणं, तेवढीच जागा हट्टी.
गॅरेथने मारलेला हा शेवटचा नर. ऑक्टोबरातला. त्यानंतर गॅरेथचे डोळे पार गेले, आता उजेड-अंधार तेवढा कळतो. पंचवीसला तो कार्डिफ सोडून मुलीकडे इन्व्हरनेसला, पार स्कॉटलंडात जातोय, कायमचा. हे मुंडकं सोबत नेणार. मी लॅबमधून रिटायर झाल्यावर हे सगळं त्यानेच शिकवलं मला. डोळ्यांनी बघणाऱ्याला भिंतीवर उंच टांगून फसवता येतं. हा हाताने बघणार.

सोम. ६
केस ओले केले, नाकाकडून खांद्याकडे विंचरले, हेअरड्रायर फिरवला. वर पुठ्ठा, पुठ्ठ्याला टाचण्या. छान बसले.

मंगळ. ७
पुठ्ठा काढला. उभे.

गुरु. ९
तीनदा केलं. ये रे माझ्या मागल्या. गॅरेथचा फोन, "येऊ का बघायला?" तीन घरं सोडून राहतो, येईलही. "वाळतंय अजून," म्हटलं. खोटं नाही, पण खरंही नाही.

शुक्र. १०
हे गॅराजच्या दारात चहा घेऊन. आत येत नाहीत, मेलेलं जनावर म्हणून. "इतका टाइम माझ्या केसांना दिला असतास तर टक्कल पडलं नसतं. थोडं ऑइल लाव ना त्याला! मृणालचे कसे चापूनचोपून बसायचे स्कूलला जाताना." लेकीच्या वेण्या घालायला कधी उठले नाहीत, पण आठवण पक्की.
हसले. आणि दुपारी खरंच लावलं. खोबरेल. रेडिएटरवर पातळ करून, चोळून. काय चकाकत होतं! विनाशकाले विपरीत बुद्धी.

शनि. ११
गॅराजात चार डिग्री. खोबरेल थिजलं. मानेवर नुसत्या मेणबत्त्या. लहानपणापासून थंडीत बाटली उन्हात ठेवत आले आणि एवढं कळू नये? तीस वर्षं लॅबमध्ये काढून?
रडले थोडी. मग डाळीचं पीठ काढलं. पीठ, रंग पुसायचं व्हाइट स्पिरिट, मऊ ब्रश, परत पीठ. ह्यांनी डोकावून विचारलं, "भजी कधी?" दिवसभर बोलले नाही त्यांच्याशी.

मंगळ. १४
तेल गेलं. वास थोडा आहे. केस मऊ, मोकळे. आणि उभे.
अकरा दिवस उरले. सोडणार नाही.

गुरु. १६
गॅरेथ न सांगता आला, काठी टेकत. "मला कधीपासून घाबरायला लागलीस?" बाजूला झाले, दुसरं काय करणार.
हात नाकावरून कपाळावर, तिथून खाली मानेवर. तिथे थांबला. मग उजवी बाजू. मग बोटं हुंगली. "कोकोनट?"
तो हसला नाही, ते जास्त लागलं.
छाती चाचपून म्हणाला, "केसांची चूक नाही. तू कोट तिरका घातलायस त्याला. हा केसांचा भोवरा मधोमध हवा. बोटभर डावीकडे गेलाय."
बघितलं. गेला होता. बारा दिवस मी केसांशी भांडतेय आणि चुकलंय कातडं. मी त्याला आधीच बोलावलं असतं तर पहिल्या दिवशीच कळलं असतं. लाज वाटली, त्याहून राग आला स्वतःचा.
निघताना म्हणाला, "राहू दे. मला चालेल."
मला नाही चालणार.

शुक्र. १७
उसवायचं ठरलं. तुरटीचं कातडं फार भिजलं तर केस मुळापासून सुटतात, मग मुंडकं थेट कचऱ्यात. न भिजवावं तर सरकत नाही. मागची शिवण उसवली, ओले टॉवेल गुंडाळले. दर दोन तासांनी केस ओढून बघतेय.

रवि. १९
कातडं सैल पडलं. कानामागे चिमूटभर केस बोटात आले. पण थांबून उपयोग नव्हता.
गॅरेथला मीच फोन केला. स्टुलावर बसला, अंगठा भोवऱ्यावर. मी मागून ओढतेय. "अजून. अजून. थांब. किंचित मागे. बस." तिथेच टाचण्या, मग शिवण. दुपार गेली.
हे आत आले. आत! दोघांना चहा दिला, हरणाकडे न बघता परत गेले.

गुरु. २३
रोज सकाळी ओलं करून विंचरते. केस बसलेत. ओले आहेत म्हणून बसलेत की खरंच बसलेत, देव जाणे. पुरतं वाळायला तीन आठवडे लागतील. त्याच्याकडे दोन दिवस.

शनि. २५
म्हटलं, "ठेवून जा इथे. वाळलं की एप्रिलमध्ये आम्ही गाडीने आणून देऊ."
"एप्रिलमध्ये मी कुठे असेन..." एकोणऐंशीचा आहे. मी पुढे आग्रह केला नाही.
निघण्याआधी हात फिरवला एकदा, नाकापासून खांद्यापर्यंत. कुठे थांबला नाही. हात मात्र बराच वेळ हरणाच्या खांद्यावर होता.
त्याच्या मुलीने मागच्या सीटवर उशा रचून मुंडकं बेल्टने बांधलं. मी त्याचा हात धरून शिकवलं: स्पंज घट्ट पिळायचा, कंगवा खालीच न्यायचा, उलटा कधी नाही, रोज सकाळी. ह्या माणसाला मी शिकवतेय! निमूट ऐकून घेतलं त्याने.
"उठले तर?"
"फोन कर."
"तू इथून काय करणार?"
माझा कंगवा दिला त्याच्या हातात. गाडी गेली.
आता केस बसले की उठले, हे मला त्याच्या बोटांकडूनच कळायचं.