वाडी मोजायला माणसं पाठवलीस

प्रिय अदनान,

'प्रिय' जुन्या सवयीने लिहिलंय, लगेच फुगू नकोस. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, म्हणून हा कागद जेद्दाला निघालेल्या, माझ्या कॅम्पातल्या वैभवच्या हाती देतोय. तिथल्या बलद बाजारातल्या तुझ्या हॉटेलात, एसीखाली बसून निवांत वाच. मी इकडे अबकैकच्या कामगार कॅम्पात खाटेवर बसलोय आणि डोकं नुसतं तापलंय.

काय रे, आमची अख्खी वाडी परस्पर रिसॉर्टवाल्याला विकायला काढलीस? सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे, कबूल. पण घरं आम्ही बांधली. कलमं माझ्या आजाने लावली, खांद्यावरून पाणी वाहून जगवली. तुम्ही काय केलंत? आंब्याची पेटी अजून कशी आली नाही, तेवढं दरवर्षी विचारलंत. गावात शेवटचं पाऊल कधी टाकलंस, आठवतं तरी का?

तुझी मोजणीची माणसं आली तेव्हा माझी अम्मी आणि शेजारची भीमाबाई, दोघींनी त्यांच्या खुंट्या उपटून खाडीत भिरकावल्या. बरं केलं! तेव्हापासून तुमच्या आंब्याला वाडीतलं कोणी हात लावत नाही. झाडाखाली सडा पडलाय, कुजतोय. तुमच्या बंद घराची कौलंही यंदा कोणी परतणार नाही. फक्त तुझ्या आजोबांची कबर अब्बांनी ईदेआधी झाडली, दरवर्षीसारखी, तुला शिव्या घालत. मेलेल्याशी आपलं भांडण नाही म्हणाले.

खुंट्यांचं तुला कळलं आणि तुझा फोन आला. मला इथला व्हिसा तुझ्या वडिलांनी, हुसेनमियाँनी मिळवून दिला, ते उगाळलंस. अम्मीला गप्प कर, नाहीतर मालकाला, कफीलला सांगून इथे राहायचा इकामाच रद्द करवतो म्हणालास. एका ताटात जेवलेला तू, मेल्या!

म्हणून हे पत्र. मी नोकरी सोडली, अदनान. कायमचं परत जायचं खुरूज हातात आलंय, उद्या दम्मामहून निघतो. घरी फोनवर सांगितलं तर माझी मेहनाज रडली, पोरांना काय खायला घालणार म्हणाली. भीती मलाही वाटते, खोटं कशाला बोलू? पण मला दाबायला तुझ्या हातात आता काही उरलं नाही. पुढच्या मोजणीला अम्मीच्या शेजारी मी दारात उभा असेन. त्या दिवशी माणसं पाठवू नकोस. स्वतः ये, आणि आम्हाला हलवून दाखव.

अजूनही, नाइलाजाने, तुझाच
मुझम्मिल