जुन्या व्रणात रुजलेलं

अहो,

मी ताईबरोबर दवाखान्यात जातेय. तुम्ही कामावरून याल तोवर मला आत घेतलेलं असेल.

परवा सोनोग्राफीहून आल्यावर मी तुम्हाला "सगळं ठीक आहे" म्हणाले, ते खोटं होतं. दोन्ही लेकरांच्या वेळी पोट उघडलं ना, गर्भाशयाच्या त्याच व्रणात हे तिसरं रुजलंय. तिथली भिंत अगदी पातळ उरलीय. वाढू दिलं तर ती फाटेल आणि मीही हाती लागणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी रडायला लागले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "घरी दोघं आहेत ना तुझी?" मग मी ते काढायच्या कागदावर सही केली.

घरी आले तर तुम्ही पाळण्याला रंग देत बसला होतात. मला सांगवेना. रागावू नका.

धाकटीला शेजारी ठेवलंय, तिचं खोकल्याचं औषध खिडकीत आहे. थोरल्याला शाळेतून आणा, आई मावशीकडे गेलीय म्हणा. रक्त लागलं तर तुमचं चालतं, म्हणून उपाशीपोटी येऊ नका.

अजून एक. बाईंनी मशीनचा आवाज बंद करायच्या आधी मी त्याचे ठोके ऐकले. चांगले जोरात चालले होते हो.