दुसरे पान घरात वाचावे

जालना, मुलूख निजाम
ता. १२ फेब्रुवारी १९३९

तीर्थरूप आबांच्या पायी मच्छिंद्रचा दंडवत. आईच्याही पायी. इथल्या सरकारी कागदांवर सध्या फसली साल १३४८ चालू आहे, म्हणजे मनमाडला गाडी बदलली की माणूस सहाशे वर्षे मागे जातो. तरी तब्येत बरी आहे आणि जेवणखाण वेळेवर आहे.

तुम्ही माझी पत्रे ओट्यावर बसून मोठ्याने वाचता, म्हणून जमलेल्या मंडळींनाही इथेच रामराम घालतो. साळूबाई मावशींचा गुडघा कसा आहे? त्यांना सांगा, इथे राज्य निराळे, नाणे निराळे, पोस्टाचे तिकीट निराळे, करोडगिरीचे शिपाई स्टेशनावर माणसाची बोचकी उपसून जकातीचा माल शोधतात, पण ज्वारीची भाकरी तीच. माणसे बोलतात मराठीच, फक्त 'नाही'चे 'न्हाई' होते आणि घाई असली की 'जल्दी' म्हणतात. माझीही जीभ वळली आहे. परवा सिराजोद्दीनने हाक मारली तर आतून ओरडलो, "दाढी करून राह्यलो," आणि माझे मलाच हसू आले. सिराजोद्दीन म्हणजे आमच्या जिनिंगचा इंजिनवाला. इंजिन त्याचे, त्यावरच्या डायनॅमोच्या तारा माझ्या.

हंगाम जोरात आहे. कापसाच्या गाड्यांची रांग पार स्टेशनापर्यंत लागते. कापूस आणि ठिणगी यांचे वैर मी तुम्हांला काय सांगावे, पालिकेचे रस्त्यावरचे रॉकेलचे दिवे लावण्यात तुमचा जन्म गेला. पूर्वी इथे दिवस मावळला की काम बंद, कारण कंदील आत न्यायला बंदी. आता आत साठ दिवे आहेत, जाड काचेच्या टोपणातले, आणि परवापासून नव्या गोदामातही लागले. मालक खूश आहे. कापूस निवडणाऱ्या बाया मात्र माझ्या नावाने बोटे मोडतात. त्यांतली झुंबरबाई मला तोंडावर म्हणाली, "तुमच्या ह्या बिजलीनं आमचा घरी जायचा टाइमच खाल्ला की वो." तिचेही खरे आहे.

एक आनंदाची बातमी आहे. पण पान संपत आले. दुसरे पान कृपा करून घरात जाऊन एकट्याने वाचावे.

(पान दुसरे)

आबा, दार लोटून घेतले असेल तर सांगतो. मी पास झालो. निजाम सरकारचा वायरमनचा परवाना मला मिळाला.

तुम्ही म्हणाल, ही बातमी दोन वर्षे शिळी आहे, तिचे पेढेसुद्धा वाटून झाले. तेच तर माझे दुखणे आहे. जन्मात एवढी मोठी गोष्ट झाली आणि ती कुणाला सांगता येईना, कारण सगळ्यांना मी ती आधीच सांगून बसलो होतो. दोन वर्षांपूर्वी मी तुम्हांला खोटे लिहिले. तेव्हा मी नापास झालो होतो.

पहिल्यापासून सांगतो. येताना माझ्याजवळ इंग्रजी हद्दीतले सर्टिफिकेट होते. इथल्या कचेरीतल्या कारकुनाने ते दोन बोटांनी परत सरकवले. "ये उधर का है. इधर का इम्तिहान देना पड़ता." तोवर काय, तर तारा मी ओढायच्या, आणि औरंगाबादहून एक परवानेवाला पान चघळत यायचा, वर न बघता माझ्या कामाखाली सही ठोकून जायचा. साठ दिवे माझे आणि कागदावर नाव त्याचे. हे इतकी वर्षे चालले आहे, मी तुम्हांला कळू दिले नाही.

परीक्षा हैदराबादला असते. सकाळी हाताची: तार ओढा, सांधा करा, फ्यूज बांधा. ती मी सगळ्यांच्या आधी उरकली. परीक्षकांनी माझा सांधा ओढून पाहिला, तो जागचा हलला नाही. दुपारी तोंडी, आणि ती उर्दूत. मला आपले प्लस आणि मायनस ठाऊक. साहेबांनी विचारले, "मुसबत तार का क्या करोगे?" प्लसला उर्दूत मुसबत म्हणतात हे मला कुठले माहीत. मी ऐकले मुसीबत. मुसीबतीची तार म्हणजे बिघडलेली तार, असे समजून छातीठोकपणे म्हणालो, "हुजूर, सबसे पहले काट डालूँगा." सगळी खोली हसली. साहेबही हसले आणि म्हणाले, "काट दोगे तो चिराग़ कैसे जलेगा?" आणि माझ्या नावापुढे फुली मारली.

परतीच्या गाडीत तुमचेच शब्द कानात होते. पालिकेने नगरात विजेचे खांब उभे केले तेव्हा तुमच्या बावीस कंदिलांपैकी सातवा कंदील उतरवणाऱ्या टोळीत मी होतो, आणि तुम्ही शिडी खांद्यावर घेऊन समोर उभे होतात. त्याच आठवड्यात मी जालन्याच्या नोकरीचे सांगितले. तुम्ही एवढेच म्हणालात, "जा. निजामाच्या मुलखात जाऊन काय दिवे लावायचे ते लाव." त्यानंतर चार वर्षे मी लिहीत होतो आणि तुमच्या हातचे एक अक्षर आले नाही.

म्हणून जालना स्टेशनावर उतरलो आणि तिथेच कार्डावर लिहिले, "पास झालो." बाकी काही लिहायचा धीर झाला नाही. आठ दिवसांत तुमचे कार्ड आले, चार वर्षांतले पहिले: "ओट्यावर वाचून दाखविले. पेढे वाटले. तुझी आई हसली." ते कार्ड मी फ्यूजच्या पेटीत ठेवले आहे, तिथे माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही. खरे सांगितले तर तुमची कार्डे पुन्हा बंद होतील, या भीतीने प्रत्येक पत्राखाली 'लायसन्सदार वायरमन' लिहीत राहिलो. लिहिताना दर वेळी लाज वाटायची.

सिराजोद्दीनला सगळे ठाऊक होते. तो म्हणाला, "तुमचा हात पास झाला, मास्तर, तोंड नापास झालं. तोंडाचं काम आमच्या अम्माकडं. बिलकुल फिकर करू नका." त्याची आई सरदारबी गल्लीतल्या मुलींना उर्दू शिकवतात. त्या पडदा पाळतात. म्हणून रोज सकाळी भोंग्याच्या आधी पडद्याच्या अलीकडे मी आणि पलीकडे त्या. माझी पाटी पडद्याखालून आत जायची आणि फुल्यांनी भरून बाहेर यायची. चेहरा कधी पाहिला नाही, पण आवाजाचा धाक असा की आमच्या शाळेतले मास्तर त्यापुढे गरीब गाय. "मुसबत म्हंजे हां, मनफी म्हंजे ना. दोन्ही लागतात, बेटा. नुसती हां हां करून दिवा लागत न्हाई." मुसबत हा शब्द त्यांनी मला दोनशे वेळा लिहायला लावला, उजवीकडून डावीकडे. गेल्या वर्षी मी परीक्षेला निघालो होतो, त्यांनी जाऊ दिले नाही. म्हणाल्या, आणखी कच्चा आहेस.

या जानेवारीत गेलो. साहेब तेच. मला बघताच ओळखले आणि चष्म्यावरून म्हणाले, "क्यों मियाँ, मुसबत तार आज भी काटोगे?" मी म्हणालो, "नहीं हुजूर, आज जोड़ूँगा." आणि डायनॅमोपासून दिव्यापर्यंतची सगळी वाट उर्दूत सांगत सुटलो. शेवटी त्यांनीच हात वर करून मला थांबवले.

आबा, परवान्यावर नाव उर्दूत आहे आणि ते मी स्वतः वाचले: मच्छिंद्र वल्द रखमाजी. इथे बापाच्या नावाशिवाय मुलाचे नाव पुरे होत नाही. कचेरीच्या पायऱ्यांवर बसून ती ओळ मी किती वेळा वाचली त्याला गणती नाही. शेंगा विकणाऱ्या बाईला वाटले, वाईट बातमी आली. तिने पाणी दिले.

परवा नव्या गोदामाच्या कामाखाली सही मी केली. औरंगाबादच्या पानवाल्याला बोलावलेच नाही. सिराजोद्दीनने विनाकारण इंजिनाची शिट्टी वाजवली आणि हमालांना वाटले सुटी झाली. मग मालकाला विचारून सरदारबींच्या खोलीपर्यंत एक तार नेली. दिवा लागला तेव्हा पडद्यावर त्यांची सावली पडली, लहानशी, वाकलेली. मला वाटत होते त्या उंच असतील.

या पत्राखाली पुरे नाव लिहिण्याचा हक्क आता मला आहे, पण लिहीत नाही. तुम्ही लिही म्हणाल तेव्हा लिहीन. कार्ड आले नाही तरी मी समजून घेईन.

आपला,
मच्छिंद्र

नगर
ता. २० फेब्रुवारी १९३९

चिरंजीव मच्छिंद्रास रखमाजीचा आशीर्वाद.

पत्र पोचले. तुझी सूचना पहिल्या पानाच्या पार खाली होती. ती मी मोठ्याने वाचली, मग मला कळली. तोवर सगळा ओटा कान टवकारून बसला होता. तिथून उठून आत गेलो असतो तर गल्लीने तुझ्या नावाने काय काय उठवले असते देव जाणे. म्हणून दुसरे पानही तिथेच वाचले. चष्मा दोनदा पुसावा लागला, त्याने वेळ गेला.

साळूबाई म्हणाली, "मंजी दोन वर्सामागं आम्ही पेढे फुकटच खाल्ले का?" मी म्हणालो, "ते हाताचे होते. हात तवाच पास झाला होता. आता तोंडाचे घ्या." आणि पुन्हा पेढे आणवले. सगळ्यांनी दोन-दोन उचलले. तुझी आई म्हणते, तोंड पास झाले ते बरे झाले, आता त्या तोंडाने खरे बोलत जा म्हणावे.

खोटे लिहिलेस त्याचा राग आला. तो दिवेलागणीपर्यंत टिकला. मग मनात आले, चार वर्षे मी गप्प बसलो, तेही काही खरे नव्हते. त्या चार वर्षांतली तुझी पत्रे ओट्यावर कधी वाचली नाहीत. ती मी घरात, दार लोटून, एकट्याने वाचली आहेत. सगळी पत्र्याच्या डब्यात आहेत. आईला विचार.

दिवे लावायचे जे बोललो ते टोचून बोललो होतो. ते तू शब्दाने शब्द खरे केलेस. बापाची जिरली आणि बाप खूश आहे.

पाडव्याला आम्ही दोघे येतो. करोडगिरीवाले बोचके उपसतील म्हणून तुझी आई आत्तापासून लाडू कुठे लपवायचे ते ठरवते आहे. त्या बाईंना माझा सलाम सांग. ज्याने तुला उजवीकडून लिहायला शिकवले त्या माणसाला पडद्याबाहेरून का होईना, हात जोडायचे आहेत.

पत्राखाली नाव अर्धे सोडलेस ते चांगले दिसत नाही. या कार्डावरचा पत्ता बघ, लायसन्सदार वायरमन असे मी पुरे लिहिले आहे, पोस्टमनलाही वाचून दाखवले. तूही पुरी सही करत जा. मी करतो तशी.

रखमाजी बाळाजी रासकर
दिवे लावणारा, थोरला