गोराइ डावखुरा नाही, याविषयी

आदरणीय क्योहेइदादा यांस,
नाओएचा सविनय नमस्कार.

एका दिवसात सहा शहरे जमीनदोस्त करणाऱ्या दिग्दर्शकाचा वेळ माझ्यासारखीने घ्यावा, हे धाडसच आहे. त्याबद्दल आरंभीच क्षमा मागते. (‘धाडस’ हा शब्द मी तीनदा खोडला. त्याहून सौम्य शब्द सापडला नाही, म्हणून तोच ठेवला आहे.) फोन करणे सोपे होते, हे मला कळते. पण फोनवर माझे वाक्य पूर्ण होण्याआधीच पलीकडचा माणूस ‘हॅलो, हॅलो’ करू लागतो, हा अनुभव तुम्हालाही माझ्याच बाबतीत आलेला आहे.

इकडे गिंकोच्या झाडांची पाने पिवळी होऊन गळू लागली आहेत. तिकडे तुमच्या सुगिनामीतही गळत असतील. तुमची प्रकृती उत्तम असावी, दिवसातून एकदा तरी तुम्ही गरम जेवत असावे आणि कामाच्या टेबलाखाली झोपत नसावे, अशी आशा करते. (शेवटची आशा काकांची, म्हणजे तुमच्या बाबांची, आहे. ती माझ्या नावावर घालण्यास त्यांनी सांगितले आहे.)

तुमचे पत्र आणि ‘प्रलयमुष्टी गोराइ’ या तुमच्या ॲनिमे मालिकेच्या बाराही भागांच्या तबकड्या मिळाल्या. तुम्ही लिहिले होते की आपल्या घरात सर्वांत अधिक पुस्तके मी वाचली आहेत, तेव्हा मालिका पाहून मी निःसंकोच अभिप्राय द्यावा. ती टाकाऊ आहे असे मी म्हटले, तर तुम्ही दुसऱ्या पर्वाच्या करारावर सही न करता घरी याल आणि आपल्या ‘शिगुरे’ या सार्वजनिक स्नानगृहाची भट्टी सांभाळाल. सहीची मुदत तीस तारखेची. दादा, आपले भवितव्य कोणाच्या निःसंकोचपणावर टांगायचेच असेल, तर माणसाने दुसरी व्यक्ती निवडावी. मी शाळेत सलग बारा वर्षे पहिली आले, ती एकदाही हात वर न करता.

तुमचे पत्र मी काकांना दाखवले नाही, कारण ते त्यांनी माझ्याआधीच वाचले होते. तीन आठवड्यांपूर्वी लाकडे फोडताना त्यांच्या कमरेत उसण भरली, हे त्यांनी तुम्हाला कळवलेच आहे. (भट्टीसाठी एक तात्पुरता माणूस मिळाला आहे, पण तो घुम्या आहे आणि त्याचे लक्ष भलतीकडेच असते, असेही त्यांनी कळवले आहे. त्या माणसाविषयी मी शेवटी लिहीन.) पत्र घडी घालून परत देताना काका मला म्हणाले, “हे बघ नाओए, खोटं लिही असं मी तुला कधी सांगणार नाही. तू आपलं खरंच लिही. खरं लिहिलंस की तो घरी येतोच.” तुमच्या कलेवरचा त्यांचा हा विश्वास मी जसाच्या तसा कळवत आहे.

तबकड्या लावण्याचे यंत्र घरात एकच आहे, आणि ते स्नानगृहाच्या बैठकीतल्या दूरचित्रवाणीला जोडलेले आहे. स्नानगृह साडेतीनला उघडते. म्हणून रोज दोन वाजता, वही-पेन्सिल घेऊन, एकटीने तासाभराचा एक भाग पाहायचा असा माझा बेत होता. तो पहिल्याच दिवशी फसला. कुरोसुआजी दोनपासूनच बाहेर बाकावर येऊन बसतात, हे तुम्हाला आठवत असेलच. थंडी आहे म्हणून काकांनी त्यांना आत घेतले. त्यांच्या पाठोपाठ सेतोगावाआजोबा आले (हौदावरच्या भिंतीवर फुजी पर्वत रंगवणारे आपले चित्रकार, आता चौऱ्याहत्तरचे आहेत, तरी शिडीवर कोणाला हात लावू देत नाहीत). आत येताना त्यांनी नेहमीप्रमाणे दार सताड उघडे टाकले. मी नेहमीप्रमाणे काही न बोलता उठून ते लावले. गेली चार वर्षे मी दिवसातून सुमारे तीस वेळा ते दार लावते. ‘दार लावा’ एवढे म्हटले तर काम होईल, असे काकांचे म्हणणे आहे. पण काकांना आवाज आहे.

आता मालिकेविषयी. माझ्या वहीत एकंदर एकशे सदतीस त्रुटींची नोंद आहे. सर्व देत नाही. पहिल्याच भागात खलनायक एक सात मजली दुकान उचलून गोराइच्या अंगावर फेकतो. गोराइ ते झेलतो, आतल्या गिऱ्हाइकांना धक्का न लावता परत जागेवर ठेवतो, पण उलट्या तोंडाने. आणि पुढचे अकरा भाग ते दुकान रस्त्याकडे पाठ करूनच उभे असते. दुसऱ्या भागात चौथ्या मिनिटाला गोराइ ठोसा उगारतो. तो ठोसा समोरच्याला लागेपर्यंत गोराइला त्याची आई आठवते, गुरू आठवतात, मग गुरूंची आई आठवते. उगारण्यापासून लागण्यापर्यंत मी एक्कावन्न मिनिटे मोजली. ठोशाचे नाव आधी मोठ्याने उच्चारावे लागते आणि ते एकतीस शब्दांचे आहे. ते संपेपर्यंत शत्रू जागचा हलत नाही. ही मी त्रुटी म्हणून लिहून घेत असता कुरोसुआजी म्हणाल्या, “केवढी रीत आहे बघ त्याला! नाहीतर आमची सून. माझं अर्धं वाक्य झालं की निघाली स्वयंपाकघरात.” त्यापुढे मी प्रश्नचिन्ह घातले.

प्रत्येक भागात गोराइचा सदरा फाटतो आणि पुढच्या भागात तो पुन्हा धड असतो. कुरोसुआजींनी चाळीस वर्षे धुलाईचे दुकान चालवले असल्याने त्यांना याचा फार त्रास झाला. “शिवतं कोण याला?” असे त्या दर भागाला विचारतात. हरलेला प्रत्येक शत्रू मरता मरता आपले दुःख सविस्तर सांगतो, मरत नाही, आणि पुढच्या भागात गोराइचा मित्र होतो. परिणामी आठव्या भागापर्यंत जगातले शत्रू संपतात. मग ते दुसऱ्या ग्रहावरून मागवले जातात, तेही संपल्यावर भूतकाळातून, आणि दहाव्या भागातला तर गोराइच्या पोटातूनच निघतो. (त्या भागानंतर सेतोगावाआजोबांनी दोन दिवस उकडलेले अंडे खाल्ले नाही.)

सर्वांत गंभीर प्रसंग तिसऱ्या भागावरून ओढवला. त्यात गोराइ हवेत ठोसा मारतो, तो चुकतो आणि मागच्या फुजी पर्वताचे दोन तुकडे होतात. सेतोगावाआजोबा उठले, पुरुषांच्या बाजूला जाऊन हौदावरचा आपला फुजी पाहून आले, आणि म्हणाले, “मला शिखराचा बर्फ जमवायला दोन दिवस लागतात. हा मेला एका सेकंदात पाडतो!” त्यावर कुरोसुआजींचे उत्तर असे की, “पण तुमचा फुजी डावीकडे कलतो, हे मी गेली वीस वर्षं सांगतेय. त्यानं निदान मधोमध फोडला.” दोघे चार दिवस एकमेकांशी बोलले नाहीत, मात्र दोन वाजता शेजारी शेजारी बसत राहिले.

काकांविषयी लिहिताना मला जपून लिहावे लागत आहे. मालिका पाहणार नाही, असे त्यांनी पहिल्या दिवशीच जाहीर केले होते. कमरेमुळे ते आता भट्टीऐवजी दारातल्या, पैसे घेण्याच्या उंच आसनावर बसतात. भाग सुरू झाला की ते दूरचित्रवाणीकडे पाठ फिरवून समोरच्या भिंतीकडे तोंड करत आणि संपेपर्यंत मान वळवत नसत. हा निग्रह पाहून मला खरोखर आदर वाटत होता. सातव्या भागात गोराइ पोलादी जुळ्या भावांकडून सपाटून मार खात होता. कुरोसुआजींनी रुमाल तोंडात धरला होता. तेवढ्यात मागून आवाज आला: “अरे, डावखुऱ्यानं उजवा पाय पुढे टाकावा! एवढं साधं शिकवलं नाही का याला कोणी?”

दादा, गोराइ डावखुरा नाही. तो उजव्या हाताने मारतो. आम्ही तिघांनी आधी एकमेकांकडे आणि मग हळूच काका ज्या भिंतीकडे तोंड करून बसतात तिच्याकडे पाहिले. त्या भिंतीवर, वजनकाट्याच्या वर, कमरेपासून छतापर्यंत आरसा आहे. काकांनी सातही भाग त्यात पाहिले होते. कुरोसुआजी म्हणाल्या, “सरळ बसा आता. मान अवघडेल.” काका म्हणाले की आरसा पुसायला झाला आहे का, एवढेच ते पाहत होते. दुसऱ्या दिवशी आसनाचे तोंड फिरलेले होते. त्यांनी ते स्वतः फिरवले, त्या कमरेनिशी.

अकराव्या भागाच्या दिवशी भट्टीत लाकूड घालायचे राहून गेले. हौद कोमट झाला आणि स्नानगृह उघडल्याची खूण म्हणून लावायचा दारावरचा पडदा बारा मिनिटे उशिरा लागला. चाळीस वर्षांत हे प्रथमच घडले, असे काका म्हणतात. कोणीही तक्रार केली नाही, कारण तक्रार करणारे सर्वजण आत बसून सूर्य विझताना पाहत होते.

आणि बाराव्या भागाविषयी मला जे लिहायचे आहे त्यासाठीच हे पत्र आहे. विझलेला सूर्य ठोशाने पेटत नाही, हे गोराइला कळते. मग तो पडलेल्या शहरांच्या तुळया, दारे, वासे गोळा करतो आणि सूर्याच्या पोटात एकेक घालू लागतो. आधी पातळ फळ्या, उभ्या-आडव्या, मध्ये हवेला जागा. मग जाड वासे. अखेर तो सूर्याचे झाकण टाचेने ढकलून बंद करतो, दोनदा थोपटतो आणि म्हणतो, “चल, पेट बाबा.”

(सूर्याला झाकण असणे ही एकशे सदतिसावी त्रुटी.)

मी काकांकडे पाहिले नाही. त्यांच्याकडे पाहणे बरे दिसले नसते. सगळे अंघोळीला गेल्यावर मी भट्टीमागे गेले, तर काका बंद झाकणासमोर उभे होते आणि उजवी टाच उचलून, आपण ते नेमके कसे लावतो, हे करून पाहत होते. मला पाहून म्हणाले, “पातळ आधी घातलं त्यानं. बरोबर घातलं.” मग टाच खाली टेकवत म्हणाले, “मी त्याला कधी शिकवलं नाही गं. हा इथे लाकडाच्या ढिगावर बसून चित्रं काढायचा. मला वाटायचं, याचं लक्षच नाही.”

तेव्हा माझा अभिप्राय असा. ‘प्रलयमुष्टी गोराइ’ ही मालिका तर्काच्या, भूगोलाच्या, शिवणकामाच्या आणि शरीरशास्त्राच्या कोणत्याही कसोटीला उतरत नाही. ती टाकाऊ नाही. सुगिनामीहून इथे यायला आगगाडीने एक तास लागतो आणि तुम्ही तीन वर्षांत आला नाहीत, याचा मला राग होता. बारावा भाग पाहून तो गेला. जो माणूस इतक्या लांबून झाकण टाचेने लावतो, त्याने ते लावण्यासाठी इथे येण्याची गरज नाही. कृपया करारावर सही करावी. पत्र वेळेत पोचावे म्हणून पाकिटावर तातडीच्या टपालाची लाल रेघ मारली आहे.

वडीलधाऱ्यास सल्ला दिल्याबद्दल पुन्हा एकदा क्षमा असावी.

आपली आज्ञाधारक बहीण,
नाओए

ता. क. – तुम्हाला भट्टीची काळजी वाटेल. तो घुम्या तात्पुरता माणूस मीच आहे. गेले तीन आठवडे भट्टी मी पेटवते. (अकराव्या दिवशी लाकूड माझ्याकडून राहिले. क्षमस्व.) ‘माझी पुतणी भट्टीवर आहे’ हे लिहायला काकांना संकोच वाटला असावा, शिवाय मग तुम्ही आला नसता. भट्टीमागे ऊब असते, उजेड असतो आणि कोणी बोलायला येत नाही. ग्रंथालयातही इतकी सोय नसते. मला ही जागा कायमची हवी आहे. तुम्ही परत आलात तर ती मला सोडावी लागेल, म्हणून माझा अभिप्राय पूर्णतः निःस्वार्थी आहे असे कृपया समजू नये.

ता. क. २ – काका सांगतात की बाराव्या भागाच्या अखेरीस क्षणभर दिसणाऱ्या काळ्या मुखवट्यामागे कोण आहे ते उलट टपाली कळवावे. आपण विचारले हे मात्र कोणाला कळवू नये. सोमवारी स्नानगृह बंद असते आणि त्या दिवशी हौदाला कोणी नसते, असेही ते आपणहून दोनदा म्हणाले. सेतोगावाआजोबा नवा फुजी रंगवत आहेत. त्यात मधोमध एक बारीक भेग आहे. ती सावली आहे, असा त्यांचा दावा आहे.

ता. क. ३ – त्रुटी क्रमांक अठ्ठ्याऐंशी मी मागे घेते. पहिल्या, चौथ्या आणि नवव्या भागात एका स्नानगृहाच्या दारात चष्मा लावलेली मुलगी पुस्तक वाचत बसलेली आहे. डोक्यावरून सात मजली दुकान जाते, उल्का जाते, तरी ती मान वर करत नाही, पान उलटते. हे अशक्य आहे असे मी लिहिले होते. पण गेल्या वर्षी आपल्या दारासमोरच्या विजेच्या खांबावर मालमोटार आदळली होती, ते मला दुसऱ्या दिवशी कुरोसुआजींकडून कळले. ती मुलगी कोण, हे मी विचारत नाही. माझी एकच विनंती आहे, आणि खरे तर तिच्यासाठीच हे सारे लिहिले: दुसऱ्या पर्वात तिला एक वाक्य द्यावे. मोठे नको. खलनायक भिंत फोडून आत येतो तेव्हा तिने म्हणावे, “दार लावा. वाफ जाते.”

ता. क. ४ – आत्ता पाकीट चिकटवत असताना सेतोगावाआजोबा आत आले. वाक्य उच्चारायला जमते का, हे मी पाहून घेतले. ते दचकले, मागे वळले, दार लावले आणि दाराची क्षमा मागितली. तेव्हा वाक्य चालेल.

टपालपेटीत टाकले: गुरुवार, २८ नोव्हेंबर २०२४, दुपारी तीन वाजून सात मिनिटे.